तागडींत पडलेली सरस्वती

मनुष्यानें तराजू निर्माण केला तो धान्य, मीठ, तूप आणि सोनें तोलण्यासाठीं. ज्या वस्तूचा एक कण दुसऱ्या कणासारखाच असतो, तिला वजन हेंच योग्य माप होय. परंतु जिची किंमत वजनांत नसून दुसऱ्याच कशांत तरी असते, अशी वस्तुहि पुष्कळदा तागडींत येऊन पडते. अमेरिकेंत जुन्यापुराण्या वस्तूंचीं धर्मादाय दुकानें फार आहेत. एडगर हेल्म्स नांवाच्या पाद्र्यानें १९०२ सालीं बोस्टन शहरीं स्थापिलेली 'गुडविल' ही संस्था त्यांत प्रमुख. लोकांनीं दान दिलेले कपडे, भांडीं, पुस्तकें तेथें प्रथम नगावर विकतात. आणि जें खपत नाहीं तें मोठमोठ्या पेट्यांत ओतून पौंडाच्या भावानें काढतात. तिकडे गेलेलीं आपलीं मुलें या दुकानांचें वर्णन मोठ्या कौतुकानें करतात. पण ही रीत आपणांस अगदींच परकी आहे असें नाहीं. आपल्या ओटीवर बसणारी बोहारीण जुनें लुगडें हातानें तोलूनच त्याच्या मोबदल्यांत भांडें देत असे. कल्याणास लागून असलेलें उल्हासनगर १९४७ नंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनीं वसविलें. तेथील बाजारांत कापडाचे तुकडे किलोवर मिळतात व गृहिणी ते निवडून आणतात. यापैकीं कशाबद्दलहि खंत वाटण्याचें कारण नाहीं. मला लिहावयाचें आहे तें निराळ्याच एका मालाविषयीं. ठाणें ते कल्याण या सुमारें २० किलोमीटरांच्या टापूंत हल्लीं जो माल सर्वांत स्वस्त तोलला जातो, तो म्हणजे ग्रंथ.

या टापूस ग्रंथांची परंपरा थोडीथोडकी नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोंचली, आणि पुढच्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, ती कल्याणपर्यंत गेली. गाडीबरोबर मुंबईची नोकरी आली, नोकरीबरोबर इंग्रजी शाळा आली, आणि शाळेबरोबर घराघरांत पुस्तकांचें एक लांकडी कपाट आलें. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं निघालें. डोंबिवली वयानें लहान, पण पु. भा. भावे व शं. ना. नवरे यांच्यासारखे लेखक तिनें आपलेसे केले, आणि २०१७ सालीं नव्वदावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेंच भरलें.

त्या लांकडी कपाटांचे दिवस आतां भरत आले आहेत. ठाण्याच्या नौपाड्यांत, डोंबिवलीच्या टिळकनगर-रामनगरांत, कल्याणच्या पारनाक्याच्या आसपास जुने वाडे, चाळी व दुमजली इमारती पाडून त्यांच्या जागीं मनोरे उभे राहत आहेत. बांधकाम पुरें होईपर्यंत बिऱ्हाड दोन खोल्यांत न्यावयाचें असतें. फडताळ, पाट, पितळी घंगाळ, आजोबांची खुर्ची, यांतील काय ठेवावें व काय टाकावें याचा खल घरांत चार दिवस चालतो. पुस्तकांचा निकाल मात्र घटकेंत लागतो. तीं जड असतात, धूळ खातात, आणि त्यांतील बहुतेक ज्यानें जमविलीं तो आतां हयात नसतो. मग सुतळीनें गठ्ठे बांधून रद्दीवाल्यास बोलावणें धाडतात.

रद्दीच्या दुकानाचें अर्थशास्त्र मोठें शिकण्यासारखें आहे. तेथें कागदाच्या जाती आहेत व प्रत्येक जातीस निराळा भाव आहे. आश्चर्य असें कीं, पुस्तकी रद्दीस वर्तमानपत्री रद्दीहून सामान्यतः भाव कमी मिळतो! कारण उघड आहे. वर्तमानपत्राचा कागद एकजात व सपाट. तो सामान गुंडाळण्यासहि उपयोगी पडतो. पुस्तकाला मात्र डिंक असतो, दोरा असतो, पुठ्ठा असतो. कागद नव्यानें करणाऱ्या कारखान्यांना ही भेसळ नको असते, म्हणून पुठ्ठा फाडून निराळा विकावा लागतो. याप्रमाणें कालचें वर्तमानपत्र मेघदूताहून महाग ठरतें. सत्यभामेच्या तुळाभाराची कथा आपल्या घरांतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तिचें सगळें सोनें ज्या पारड्याला हलवूं शकलें नाहीं, तें रुक्मिणीच्या एका तुळशीपत्रानें हललें. रद्दीवाल्याच्या विजेच्या काट्याला हें तुळशीपत्र कळत नाहीं, आणि त्याबद्दल त्यास दोष देतां येत नाहीं. तें कळावयास हवें तें काट्यावर गठ्ठा ठेवणाऱ्याला.

नौपाड्यांतील एका गल्लींत असें एक दुकान आहे. तेथें मी कधींमधीं जाऊन बसतों. मालक लिहिणारा-वाचणारा नाहीं, पण माणूस सज्जन. गेल्या पावसाळ्यांत त्याच्या ढिगांतून मला निर्णयसागर छापखान्याची रघुवंशाची एक प्रत मिळाली, मल्लिनाथाच्या टीकेसह. पहिल्या चार सर्गांत कोणा विद्यार्थ्यानें बारीक अक्षरांत अन्वयाचे आंकडे घातले होते. पांचव्या सर्गांत ते थांबले होते. शेवटच्या कोऱ्या पानावर अक्षर निराळें होतें. तें बाईमाणसाचें, वळणदार, किंचित् थरथरतें. तेथें पांच मुलांचे जन्म लिहिले होते. तिथि, वार, घटका-पळें. तिसऱ्या मुलाच्या ओळीखालीं नंतरच्या शाईनें आणखी एक तिथि होती, आणि तिच्यापुढें कांहींच लिहिलेलें नव्हतें.

मीं तें पान दुकानदारास दाखविलें व गठ्ठा कोणाच्या घरचा म्हणून विचारलें. तो म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी तीन घरचा माल एकाच पोत्यात आला. मी सगळ्यांना विचारतो, आत काही राहिलं नाही ना, एकदा बघून घ्या. सगळे म्हणतात, बघितलंय, तोला." पुस्तकाचें वजन अर्धा किलोहि भरलें नाहीं. त्यानें पैसे घेण्याचें नाकारलें. मीं ते त्याच्या गल्ल्यावर ठेवले. तें पान ज्या घराचें, त्या घरांत आज त्या तिसऱ्या मुलाचें नांव कोणास ठाऊक असेल काय, हा विचार कित्येक दिवस माझ्या मनांतून जाईना.

ठाण्याहून डोंबिवलीकडे वळलें म्हणजे तागडीचें दुसरें रूप दिसतें. अलीकडे मुंबईंत व तिच्या आसपासच्या शहरांत पुस्तकें किलोवर विकणारीं प्रदर्शनें भरूं लागलीं आहेत. त्यांत इंग्रजी पुस्तकांचाच भरणा अधिक. विलायतेंत व अमेरिकेंत न खपलेलीं, किंवा तिकडच्या ग्रंथालयांनीं बाद केलेलीं पुस्तकें जहाजानें येतात व टेबलांवर ओतलीं जातात. कित्येकांवर परदेशांतील गांवच्या वाचनालयाचा शिक्का तसाच असतो. एखाद्या सभागृहांत असें प्रदर्शन भरलें म्हणजे जी गर्दी लोटते ती तरुणांची असते, आणि ती पाहून समाधान वाटतें. ज्या मुलाला नवा शब्दकोश घेणें परवडत नाहीं, तो येथें तागडीच्या कृपेनें कोशाचा धनी होतो. तागडीची ही दुसरी बाजू विसरूं नये. जी गोष्ट विकणाऱ्याच्या अज्ञानानें स्वस्त होते, ती घेणाऱ्याच्या ज्ञानाला पारितोषिक देऊन जाते.

अशा ठिकाणीं जाणाऱ्यांसाठीं दोन-चार सूचना कराव्याशा वाटतात. चकचकीत, चित्रमय पुस्तकाचा कागद पांढऱ्या मातीचा लेप दिलेला असल्यामुळें फार जड असतो. तें उचलतांना आपण मातीचे पैसे देत आहों हें ध्यानांत ठेवावें. साध्या कागदावरचें बारीक टाइपाचें पुस्तक वजनाला हलकें व मजकुराला भारी असतें. पहिलें व शेवटचें पान जागेवर आहे कीं नाहीं तें पाहावें. कागद कोपऱ्याशीं दुमडून पाहावा; तुटला तर तें पुस्तक फार काळ टिकणार नाहीं. कसरीनें पाडलेलीं भोकें एकाच पानांत आहेत कीं आरपार गेलीं आहेत तें तपासावें. अनेक भागांच्या ग्रंथाचा सुटा भाग दिसला तर बाकीचे भाग ढिगांत शोधावे. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ विभाग. ते एकत्र असले म्हणजे ज्ञानकोश, विखुरले कीं केवळ रद्दी.

कल्याणास उतरलें म्हणजे हा प्रश्न पुस्तकांपुरता राहत नाहीं. १८६५ सालीं, वाचनालय निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षीं, या गांवच्या आनंदीबाई जोशी जन्मल्या. १८८६ सालीं फिलाडेल्फियास त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ सालीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, वारल्या. एवढ्या अल्प आयुष्याची आपणांस इतकी खडान् खडा माहिती आहे, याचें कारण त्यांचीं पत्रें लोकांनीं जपून ठेविलीं. काशीबाई कानिटकरांनीं त्यांचें चरित्र लिहिलें तें या पत्रव्यवहाराच्या आधारें. तीं पत्रें कोणी रद्दींत घातलीं असतीं, तर कल्याणच्या एका मुलीनें समुद्र ओलांडला एवढेंच आपणांस कळलें असतें. तिनें तो कोणत्या मनानें ओलांडला तें कधींच कळलें नसतें.

इतिहासाचार्य राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जीं जुनीं दप्तरें गोळा केलीं, तींहि अशाच घरांच्या माळ्यांवरचीं. त्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, व पुढें २२ खंड सिद्ध केले. ठाण्याचें ग्रंथसंग्रहालय स्थापणारे वि. ल. भावे यांचा जन्म १८७१ सालचा. म्हणजे संस्था काढली तेव्हां ते ऐन तारुण्यांत होते. पुढें जुन्या कवितेचीं बाडें जमवून ती 'महाराष्ट्र कवि' मासिकांतून प्रसिद्ध करणारे व 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारेहि तेच. या दोघांनीं जें मिळविलें तें कोणीतरी टाकून दिलें नव्हतें म्हणून मिळविलें. माळ्यावर धूळ खात पडलेलें दप्तर निदान माळ्यावर तरी असतें.

आतां यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, सगळें जपावयाचें तर आम्हीं राहावें कोठें?" हा प्रश्न रास्त आहे. सगळेंच जपावें असें माझें म्हणणें नाहीं. गतवर्षींचीं गाईडें, जुनीं पंचांगें, तीन-तीन प्रती असलेल्या पोथ्या, यांनीं जागा अडविण्यांत सरस्वतीची सेवा नाहीं. तीं खुशाल तोलावीं. कागदाचा लगदा होऊन पुन्हां कागद होणें ही कांहीं दुर्गति नव्हे. तसेंच नको असलेलें सारें ओझें वाचनालयाच्या दारांत नेऊन टाकणें हेंहि दान नव्हे. घरांतील भंगलेल्या तसबिरी पिंपळाच्या पारावर ठेवून येणारे लोक असतात, तशांतलाच तो प्रकार. वाचनालयासहि जागेची अडचण असते. तेथें आधीं यादी द्यावी, त्यांना हवें असेल तेंच न्यावें. डोंबिवलींत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुढाकारानें पुस्तकांच्या आदान-प्रदानाचा जो उपक्रम झाला आहे, तो अनुकरणीय होय. त्यांत आपलें वाचून झालेलें पुस्तक दुसऱ्याच्या हातीं जातें व दुसऱ्याचें आपल्या हातीं येतें.

माझें मागणें याहून लहान आहे. गठ्ठा बांधण्यापूर्वीं घरांतील वडील माणूस आणि घरांतील एक तरी मूल यांनीं एक दुपार त्या कपाटासमोर एकत्र बसावें. प्रत्येक पुस्तक उघडून पहिलें व शेवटचें पान पाहावें. त्यांत नांव, तारीख, पत्र, जन्मटिपण, एखाद्या प्रवासाची वही, जमाखर्च, आजीच्या हातचें पाककृतीचें चिटोरें, जें हातानें लिहिलेलें असेल तें बाजूस काढावें. छापील ग्रंथाची दुसरी प्रत जगांत कोठेंतरी असते. हातच्या अक्षराची नसते. हें एवढें सगळें एका पत्र्याच्या पेटींत मावतें, आणि ती पेटी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतहि मावते. मुलानें विचारावें, हें अक्षर कोणाचें? वडिलांनीं सांगावें. उरलेलें मग तागडीवर जावो.

दसऱ्याच्या दिवशीं आपण पाटावर पुस्तकें मांडून त्यांवर गंधाक्षता वाहतों. बहुधा जवळ सांपडेल तें एखादें पुस्तक घेऊन पूजा उरकली जाते. येत्या दसऱ्यास त्या कपाटाच्या तळचें पुस्तक काढावें, आणि गंध लावण्यापूर्वीं तें उघडून पाहावें.