उद्याचं पीठ उद्या

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी भाकरी थापायला शिकतो आहे. हिचा उजवा हात मनगटात मोडला आणि सहा आठवड्यांचं प्लॅस्टर चढलं. पोळ्यांना बाई येतात, पण त्यांना भाकरी जमत नाही, आणि आमच्याकडे भाकरी नसली की रात्री जेवूनही जेवल्यासारखं वाटत नाही. म्हणून ओट्याशी मी उभा, आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून ही बसलेली. "अहो, पाणी एकदम नका ओतू." "अहो, बोटांनी काय चिवडताय, तळव्यानं रगडा." पहिल्या दिवशी परातीतून उचलताना भाकरीचे तीन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी दोन. "प्रगती आहे," ही म्हणाली. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं डाव्या हातानं माझा गोळा चाचपून पाहिला आणि निकाल दिला, "तुमची चूक नाही. पीठ विरी गेलंय."

गव्हाच्या पिठाला अंगचाच चिकटा असतो. ज्वारीला तो नाही. ज्वारीचं पीठ धरून राहतं ते तीन गोष्टींवर : ताजं दळण, कढत पाणी आणि मळणाऱ्याचं मनगट. दळून महिना झाला की पीठ दिसायला तसंच पांढरंशुभ्र असतं, वासही फारसा बदलत नाही, पण हाताखाली आलं की कडा फाटतात. मी हौसेनं पाच किलो दळून आणलं होतं. आता किलोभर ज्वारी घेऊन जातो. गिरणीवाला पिशवीकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो.

'विरी' हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला, आणि आजी आठवली.

आमचं गाव तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मिशनरी नगरला आले १८३१ साली आणि 'ज्ञानोदय' निघू लागला १८४२मध्ये. म्हणजे आमच्या भागातली ख्रिस्ती घरं काही काल-परवाची नव्हेत. आजीला अक्षरओळख होती ती वस्तीवर येणाऱ्या बायबलबाईंमुळे. वाचायची बोट ठेवून, एकेक शब्द निवडल्यासारखा. 'ज्ञानोदया'चे जुने अंक ती फळीवर अंथरायला देत नसे. त्यात प्रभूचं नाव छापलेलं असतं, त्यावर डबे कसे ठेवायचे? देवळातलं प्रवचन तिला किती कळायचं कोण जाणे. पाळकसाहेब शहरातून येत आणि पुस्तकी बोलत. आजी मान डोलवी आणि घरी येऊन चुलीपुढे बसली की त्या प्रवचनाचा आपल्यापुरता अर्थ लावी.

प्रभूनं शिकवलेली प्रार्थना आमच्याकडे रोज संध्याकाळी होई. त्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहे. मराठी बायबल करणाऱ्यांनी तिथं 'भाकर' हा शब्द योजला, याचे आमच्यासारख्यांवर फार उपकार आहेत. दुसरा कुठलाही शब्द आला असता तर तो देवळातच राहिला असता. 'भाकर' म्हटल्यावर तो थेट चुलीपाशी आला. प्रभूभोजनाच्या वेळी ताटात गव्हाच्या पावाचे चौकोनी तुकडे असत. मी एकदा आजीला विचारलं, "भाकर म्हणत्यात आन् पाव कसा देत्यात?" ती हसली. "नाव भाकरीचंच हाय ना? मग झालं." बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचं घर' असा आहे, हे नाताळच्या उपासनेत दरवर्षी सांगितलं जाई. आजीला त्याचं नवल वाटत नसे. देवानं जन्माला यायचं तर भाकरीच्या घरी नाही तर कुठं, असा तिचा चेहरा असे.

त्या 'रोजची' या शब्दावर मोठा वाद आहे, हे मला पुढे कॉलेजात कळलं. मूळ ग्रीक शब्द आहे 'एपिऊसिओस'. या प्रार्थनेबाहेर तो जवळजवळ कुठेच सापडत नाही. म्हणून त्याचा अर्थ आजची, गरजेपुरती की येणाऱ्या दिवसाची, यावर विद्वान शतकानुशतकं खल करत आले. मी सुट्टीत घरी आलो आणि मोठ्या ऐटीत हे आजीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "लेकरा, उद्याची भाकर आज थापली तर उद्या ती शिळीच लागंल का न्हाई?"

वाद तिथं मिटला.

निर्गमच्या पुस्तकात मान्न्याची गोष्ट आहे. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी तो मिळे. खाण्यापुरता गोळा करायचा, उद्यासाठी ठेवायचा नाही. ज्यांनी ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती, आणि तो मात्र नासत नसे. आजीनं ही मुभा बरोबर हेरली होती. शनिवारी रात्री ती चार भाकऱ्या जादा करी. रविवारी सकाळी घंटा व्हायच्या आत त्या दह्यात कुस्करून आमची न्याहारी होई. "शनवारची शिळी चालती," ती म्हणे, "शास्त्रात हाय."

आता ओट्याशी उभा राहिलो की मला वाटतं, श्रद्धेचंही थोडं असंच आहे. माझ्यापाशी दळलेलं पुष्कळ होतं. बालपणीच्या उपासना, पाठ केलेली वचनं, तरुण मंडळाची शिबिरं. वर्षानुवर्षं मी त्याच डब्यात हात घालत आलो. दिसायला पीठ चांगलंच होतं. हिला दवाखान्यात आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसलो, तेव्हा प्रार्थना करायला गेलो तर शब्द सगळे आले, पण एकाला एक धरून राहीनात. कडा फाटत होत्या. विरी गेलेल्या पिठावर उपाय असतो तो कढत पाण्याचा. त्या बाकावरचे दोन तास मला कढत पाण्यासारखे लागले. धड प्रार्थना काही जमली नाही. "आजचा दिवस निभावू दे," एवढंच म्हणालो. नंतर ध्यानात आलं, आजी रोज तेवढंच मागायची.

प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत 'मी' कुठंच नाही. सारं 'आम्ही', 'आमचं', 'आम्हांला'. एकट्यानं खोलीत दार लावून केली तरी ती अनेकवचनीच राहते. याचा अर्थ मला १९७२च्या दुष्काळात कळला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या होत्या, आईवडील खडी फोडायला जात, आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळे. त्याची भाकरी तांबूस होई आणि काही केल्या धरत नसे. आजी पाणी उकळून घेई, पीठ त्यात कालवून झाकून ठेवी, मग हात भाजत असतानाच मळी. तरी भाकरी तव्यावर टाकताना मोडायची. मोडलेली भाकरी ती जोडत नसे. "तशी तरी मोडायचीच हाय, वाटताना," म्हणे.

त्याच दुष्काळात शेजारच्या काकूंनी आईकडून दोन शेर ज्वारी उसनी नेली. आमच्या कणगीच्या तळाची ती अखेरची देशी ज्वारी. पुढं पाऊस झाला, पीक आलं, काकूंकडे सुगी झाली, पण ज्वारी परत आली नाही. आई बोलली नाही. बोलणंही थांबलं. दोन घरांच्या मध्ये एक कुडाची भिंत, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बाया वर्षभर गप्प.

आता प्रार्थनेत भाकरीच्या लगेच मागोमाग क्षमा येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथं शब्द आहे ऋणाचा : आम्ही आमच्या देणेकऱ्यांना सोडलं, तसं तू आम्हांला सोड. डोळे मिटायचे असतात हे ठाऊक असूनही मी लहानपणी एक डोळा किलकिला ठेवी. त्यामुळे मला दिसलं की त्या ओळीपाशी आईचे ओठ हलत नाहीत. आधीची ओळ ती म्हणे, नंतरची म्हणे. मधली गाळी. आई खोटं बोलत नसे, हे त्याचं कारण असावं.

आजीनं हे पाहिलं होतं की नाही, तिनं कधी सांगितलं नाही. आमची गाय व्याली, चिकाचा खरवस झाला, मग दूध नितळलं. घरात वर्षभर दूधदुभतं नसल्यामुळे विरजण नव्हतं. आजीनं माझ्या हातात वाटी दिली. "जा, शेजारून विरजण घिऊन ये." आई चुलीपुढून वळली. "दुसऱ्या कुणाकडं पाठवा की." आजी म्हणाली, "तिचं दही गोड असतं."

काकूंनी वाटी घेतली. आत जाऊन बराच वेळ लावला. परत आल्या तेव्हा वाटीत चमचाभराऐवजी वाटीभर दही होतं, वर सायीचा जाड थर. काकू म्हणाल्या, "आजीला सांग, अजून लागलं तर न्या." काही दिवसांनी एका संध्याकाळी त्या स्वतः सूप घेऊन आल्या. सुपात ज्वारी होती. दोन शेरांहून जास्त, शीग लावलेली. आईनं ती ओतून घेतली आणि रिकाम्या सुपात मूठभर परत टाकली, कारण सूप रिकामं पाठवत नाहीत.

विरजण ही उसनवारीतली सगळ्यांत शहाणी वस्तू. ते कुणी फेडत नाही आणि कुणी मागत नाही. येशूनं स्वर्गाच्या राज्याला खमिराचा दृष्टान्त दिला : एका बाईनं ते घेतलं आणि तीन मापं पिठात लपवलं, आणि सगळं पीठ फुगून आलं. आमच्या गावात खमीर पाहिलेलं कुणी नव्हतं. आजी सांगे, "म्हंजी इरजाण." एवढंसं घालायचं, झाकायचं आणि चुलीच्या उबेला ठेवून निजायचं. रात्रभर हलवायचं नाही. सकाळी दूध पहिल्यासारखं राहत नाही. त्या वाटीभर दह्यानं कुडाच्या दोन बाजूंना काय काय लागलं, हे मला पन्नास वर्षांनी उमगतं आहे.

धर्मांतराच्या गोष्टी लोक मोठ्या प्रसंगांनी सांगतात. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५मध्ये, लक्ष्मीबाईंनी १९००मध्ये. मधली पाच वर्षं ज्यांनी 'स्मृतिचित्रे'तून वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की त्या माउलीचा प्रवास सोवळ्यातून, वेगळ्या चुलीतून आणि वेगळ्या पाण्यातून झाला. टिळक पुस्तकांतून पोचले, लक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून. वाट लांबची होती, पण तिच्यात एकही पायरी गाळलेली नव्हती. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते साध्याभोळ्या बायांना कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या आणि त्यांचं बायबल १९२४मध्ये छापून बाहेर आलं. या दोघींनाही पुरतं कळलेलं होतं की वचन देवळात वाचलं जातं आणि घरात मळलं जातं.

मला अलीकडे पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट वेगळ्या जागी अडवते. योहान सांगतो, एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. जव म्हणजे तिकडचं गरिबाचं धान्य, आपल्या ज्वारी-बाजरीसारखं. त्या मुलाचं नाव दिलेलं नाही. आंद्रिया त्याला पुढे करतो, येशू भाकरी घेतो, उपकार मानतो, सगळे जेवतात, बारा टोपल्या उरतात. पण त्या पाच भाकरी त्या दिवशी कुणीतरी केल्या होत्या. पीठ दळलं होतं, मळलं होतं, भाजलं होतं, पोरगं उन्हातान्हाचं चाललंय म्हणून शिदोरी बांधून दिली होती. गोष्टीत त्या बाईचा उल्लेखही नाही. संध्याकाळी मुलगा घरी आला आणि त्यानं सांगितलं तेव्हा तिनं बहुधा विचारलं असेल, "अन् तू खाल्लंस का?"

गेल्या आठवड्यात माझी पहिली अखंड भाकरी तव्यावर पडली. वरून पाणी फिरवलं, उलटली, मग गॅसच्या आचेवर धरली. एका बाजूनं टम्म फुगली, दुसरीकडे चिकटून राहिली. हिनं प्लॅस्टरमधल्या बोटांनी पापुद्रा उचलून पाहिला. "झाली," म्हणाली. जेवायला बसल्यावर प्रार्थना मी केली, आणि भाकरीच्या ओळीवर आम्ही दोघंही हसलो. देवाला राग आला असेल असं वाटत नाही.

काल पुन्हा दोन्ही मोडल्या. आम्ही त्या दुधात कुस्करून खाल्ल्या. डब्यात आता अर्धा किलो पीठ आहे. शनिवारी चार जादा करायच्या आहेत.