यादीत नसलेले नाव

षड्रिपूंमध्ये मत्सराचा क्रमांक शेवटचा असला, तरी सरकारी सेवेत तोच सर्वांत आधी भेटतो. मसुरीच्या अकादमीत परीक्षेच्या गुणांत प्रशिक्षणाचे गुण मिळवून बॅचमधील ज्येष्ठता ठरते, आणि ज्यांच्याबरोबर एका पंगतीत जेवलो त्यांच्याशीच आयुष्यभराची तुलना सुरू होते. दुसऱ्या बॅचमधल्या अधिकाऱ्याच्या बढतीने कुणाची झोप उडाल्याचे मी पाहिलेले नाही.

केंद्रातील सहसचिवपदासाठी होणारे एम्पॅनेलमेंट ही तर या रिपूची हक्काची जागा. यादी बॅचवार निघते. नाव का वगळले हे कळवले जात नाही. गोपनीय अहवालातील शेरे अधिकाऱ्याला कळवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त खटल्यात सांगितले. पुढे बहुस्रोत अभिप्रायाच्या पद्धतीने पुन्हा पडदा पाडला. २०१७ मध्ये संसदीय समितीनेही तिच्या अपारदर्शकतेवर बोट ठेवले. ज्याला कारण सांगितले जात नाही तो ते स्वतः शोधतो, आणि बहुधा निवडल्या गेलेल्या मित्राच्या स्वभावात शोधतो.

माझ्या एका जिवलग बॅचमित्राचे नाव यादीत आले. माझे आले नाही. अभिनंदनाच्या दोन ओळी लिहायला मला तीन दिवस लागले.

माझी नोकरी ओडिशात झाली. पुरीच्या रथयात्रेत गजपती महाराज सोन्याच्या मुठीच्या झाडूने रथ झाडतात. त्या विधीला ‘छेरा पहँरा’ म्हणतात. राजा हा जगन्नाथाचा आद्य सेवक, ही त्यामागची धारणा. इतकी वर्षे माझे लक्ष गर्दीच्या नियोजनावर असे. त्या वर्षी प्रथमच झाडूकडे गेले. रथ त्याचा आहे, आपल्याकडे झाडण्याचे काम आहे, असे एकदा मनापासून वाटले की कुणाचा झाडू मोठा या प्रश्नाचे हसू येते. (श्रद्धेने पद्धतीतला दोष झाकला जातो, असे मात्र नाही. माझा त्या पद्धतीवरचा आक्षेप आजही कायम आहे.)

पण श्रद्धेलाही रोजची काही मेहनत लागते. सकाळच्या पूजेनंतर, ज्याचे आपल्यावर ऋण आहे अशा एका माणसाविषयी मी वहीत लिहू लागलो. २०१९ च्या मे महिन्यात फनी चक्रीवादळापूर्वी सुमारे १२ लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलवले गेले. कौतुक आम्हा अधिकाऱ्यांचे झाले. वहीत मात्र येऊ लागल्या त्या चक्रीवादळ निवाऱ्यातल्या चुली पेटत्या ठेवणाऱ्या बायका, सायकलवरून वस्त्या पालथ्या घालणारा शिक्षक, सलग चार रात्री न झोपलेला माझा चालक.

अडीच महिन्यांनी त्या वहीत मित्राचे नाव आले. फनीनंतर पुरीतले विजेचे खांब आडवे झाले होते. वायरमनच्या तुकड्यांसाठी मी उपग्रह फोनवरून रात्री दोन वाजता त्याला उठवले होते, आणि पहाटे पाचला त्याच्या राज्यातून तुकड्या निघाल्याही होत्या. नाव लिहून झाल्यावर लगेच त्याला फोन केला. तासभर बोललो, यादीचा विषय निघाला नाही. त्याला पुरीचा खाजा हवा होता. पुढच्या महिन्यात दिल्लीला जाताना दोन डबे नेले.