एका कागदाभोवतीचे घर

निवासी शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या घरी सुट्टी पाहुण्यासारखी येते. आठ दिवस आधीपासून तयारी चालते. मूल घरी येते, आणि तिसऱ्या दिवशी ध्यानात येते की विचारण्यासारखे सारे प्रश्न विचारून झाले आहेत. जेवण कसे असते? चांगले असते. अभ्यास? चालला आहे. प्रश्नोत्तरांतून माहिती मिळते. जवळीक मिळतेच असे नाही. वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत ही उणीव साध्या कागद-पेन्सिलीने भरून निघाली. तो अनुभव स्मरणिकेच्या निमित्ताने पालकबंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

घरात आम्ही उभयता आणि आजी; कन्या वसतिगृहात. आजींना अक्षरओळख नाही आणि आता ऐकूही कमी येते. त्यामुळे नातीचा फोन त्यांच्या कानी पोहोचत नाही आणि तिचे पत्र त्यांना वाचता येत नाही. नात दूर गेली, तेव्हा सर्वांत अधिक एकट्या पडल्या त्या आजी.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी उंबऱ्यापाशी ‘सात ते चार’ ठिपक्यांची रांगोळी मांडली. मधल्या ओळीत सात ठिपके, वर आणि खाली सहा, पाच, चार. कन्येने मोजून पाहिले: एकूण ३७. आजींनी कधी मोजले नव्हते, पण एकही ठिपका चुकला नव्हता. ती रांगोळी वहीत उतरवून घेताना दोघी तासभर शेजारी बसल्या. एक शब्दही न बोलता त्या दोघींचे बरेच बोलणे झाले.

त्यानंतर रोज रात्री जेवणे आटोपली की आम्ही चौघे जमिनीवर कागद पसरू लागलो. पहिला खेळ रेघोटीचा. एकाने डोळे मिटून वेडीवाकडी रेघ ओढायची, दुसऱ्याने कागद फिरवून तीत पक्षी, डोंगर किंवा माणूस शोधायचा. दुसरा घडीच्या कागदाचा. कागदाच्या तीन घड्या करायच्या. एकाने डोके काढायचे, दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय. आधीचे चित्र झाकलेले असते, घडीखाली केवळ रेघांची दोन टोके दिसतात. १९२५ च्या सुमारास पॅरिसमधील अतिवास्तववादी कलावंत असाच खेळ खेळत असत. आमच्या घरी घडी उलगडली की आजींचे हसू आवरत नाही. तिसरा खेळ समोरच्याचा चेहरा काढण्याचा. मात्र नजर कागदावर न्यायची नाही आणि पेन्सिल उचलायची नाही. चित्र ओळखू येत नाही. पण पाच मिनिटे आपण आपल्या माणसाकडे टक लावून पाहिलेले असते. कन्येच्या भुवईजवळची नवी खूण आम्हांला अशीच दिसली. खेळता खेळता पडल्याची ती हकीकत मग तिने आपणहून सांगितली.

चौथा प्रकार वारली पद्धतीचा. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे माणसाचे शरीर, वर वर्तुळाचे डोके, रेघांचे हातपाय. आमच्या वस्तीमागे येऊरच्या डोंगरावर वारली बांधवांचे पाडे आहेत, म्हणून ही चित्रे आम्हांला शेजारची वाटतात. मूळ प्रथेत लग्नप्रसंगी सुवासिनी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हो, ‘लिहितात’ असेच म्हणतात. ही कला जगापुढे नेणारे डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्याविषयी सांगतात, की बालपणी आई गेल्यावर त्यांची वाचाच थांबली आणि कित्येक दिवस ते मातीत चित्रे काढूनच मनातले सांगत. ही गोष्ट कन्येने आजींना चित्र काढूनच सांगितली.

आम्ही दोनच नियम पाळले: खोडरबर ठेवायचा नाही आणि कोणाच्याही चित्राला चांगले-वाईट म्हणायचे नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांचे महत्त्व आम्ही जाणतो. तेथे प्रमाणबद्धता हवीच. घरच्या कागदावर मात्र गुण देणारा कोणी नसावा, तरच सत्तरी ओलांडलेला हातही निःसंकोच पुढे येतो.

सुट्टी संपली, तसा हा खेळ टपालाने सुरू झाला. आजी कागदावर ३७ ठिपके मांडतात, निम्म्या रेघा जोडतात आणि उरलेल्या नातीसाठी सोडतात. ती त्या पूर्ण करून कागद परत धाडते. कोपऱ्यात कधी जेवणाची पंगत असते, कधी वसतिगृहाची खिडकी. गेल्या खेपेस खिडकीत एक लहान आकृती एकटीच उभी होती. आम्ही ती नुसती पाहिली. आजींनी मात्र त्याच लखोट्यातून उत्तर पाठविले. त्या आकृतीशेजारी त्यांनी तिचा हात धरलेली, पाठीत वाकलेली दुसरी आकृती काढली होती.