दक्षिणेचा उधळ्या

धारवाडहून पाहिलं तर अगस्त्याचा तारा हुबळीच्या अंगाने वर येतो. डिसेंबरच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेला हुबळीच्या दिव्यांचा पिवळट उजेड आभाळात चढलेला असतो. त्याच्या जरा उजव्या हाताला हा उगवतो, तांबूस, थरथरता, मधूनच हिरवी-निळी चमक टाकणारा. नवख्याला हमखास विमान वाटतं.

तांबूसपणा आणि थरथर दोन्ही आपल्या हवेची. त्यात त्याचा स्वभाव शोधू नये. थोडा वर आला की पांढरा होतो. ताऱ्याचा खरा रंग म्हणजे त्याच्या पृष्ठभागाचा ताप. मृगातली काक्षी साधारण 3,500 केल्विनची, म्हणून तांबडी. आपला सूर्य 5,800. अगस्त्य 7,500च्या आसपास. निळसर व्याध जवळजवळ 10,000.

फार वर मात्र तो येत नाही. आमच्याकडे जास्तीत जास्त बावीस अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठी. पुण्यात तीन अंश कमी, दिल्लीत तर नऊसुद्धा नाहीत. पुणेकरांपेक्षा आमचं काही वरचढ आहे हे सांगायची संधी धारवाडकराला क्वचितच मिळते, म्हणून सांगून टाकलं.

पुराणात हा ऋषी, विंध्य ओलांडून दक्षिणेत आला तो परतलाच नाही, आणि समुद्र पिऊन बसला. वराहमिहिराने बृहत्संहितेत त्याच्यासाठी अख्खा अध्याय दिला आहे. पावसाने गढूळलेलं पाणी अगस्त्याच्या उदयाने निवळतं, ही जुनी समजूत. इकडे वर्षातला तो पहिला उदय ऑगस्टच्या पहाटे, झडीच्या ढगांआड उरकतो. कोणाला दिसतो कसला! गाठ पडते ती दिवाळीत. अभ्यंगाला उठल्यावर, पाणी तापेपर्यंत परसात जाऊन पाहावं, अगदी दक्षिणेला ठाण मांडून असतो.

असा हा ऋषी दाढीवाला म्हातारा असेल असं कोणालाही वाटेल. वयाने पोर आहे. सूर्याची उमर सुमारे 460 कोटी वर्षं, याची जेमतेम काही कोटी. पण वस्तुमान सूर्याच्या आठ-दहा पट, आणि वजनदार ताऱ्याच्या गाभ्यात ताप इतका की इंधन भराभर जळतं. बापाने आठपट ठेवलं आणि पोराने दहा हजारपट उधळलं, असा हा हिशेब आहे. याचं तेज सूर्याच्या दहा हजार पटींहून जास्त. गाभ्यातला हायड्रोजन एवढ्यातच संपला आणि अंग फुगून सूर्याच्या सत्तरेक पट रुंद झालं. सूर्याच्या जागी बसवला तर बुधाच्या कक्षेपर्यंत पोचेल.

तरी आकाशात त्याचा नंबर दुसरा! पहिला व्याध, ज्याची कमाई सूर्याच्या पंचवीस पट, बस्स. पण व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर, शेजारीच, आणि अगस्त्य सुमारे 310 प्रकाशवर्षांवर. आज डोळ्यांत शिरणारा त्याचा उजेड बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं त्या सुमारास निघालेला. व्याधाच्या अंतरावर आणून ठेवला तर शुक्र फिका पडेल आणि रात्री आपली सावली पडेल. व्याधाचा पहिला नंबर मला वशिल्याचाच वाटतो.

दुर्बीण लावून काही वाढीव मिळेल ही आशा नको. चांगल्या दुर्बिणीतही ठिपकाच, फक्त जास्त झगझगीत. त्याला नुसत्या डोळ्यांनी पाहावं. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून व्याध गाठायचा आणि तिथून सरळ साडेतीन मुठी खाली यायचं. पहिल्या रात्री भलताच तारा पकडला तर लाजू नका. 1964 साली मंगळाकडे निघालेल्या मरीनर-4 यानाला दिशा राखण्यासाठी हाच तारा धरायचा होता, आणि तो सापडण्याआधी त्याच्या यंत्राने दुसऱ्याच ताऱ्यांवर डोळा लावला होता.