संगणक मंद का झाला?

माणसाप्रमाणे यंत्रही म्हातारपणी थकते, असे लोक म्हणतात. मला ते पटत नाही. यंत्र मंद चालू लागले, तर त्यामागे काहीतरी कारण असते आणि शोधले तर ते बहुधा सापडते.

चंद्रपूरला आमच्या घरी एक जुना संगणक आहे. माझे वडील गडचिरोली जिल्ह्यात वनरक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जंगलातील झाडांची टिपणे संगणकावर लिहून काढली. साग, मोह, तेंदू, ऐन, बिजा अशा किती तरी झाडांची छायाचित्रे त्यांत होती. ही सारी मेहनत त्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर साठवलेली होती.

एका उन्हाळ्यात संगणक फारच मंद झाला. सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागू लागली. शेजारचे काका म्हणाले, "फॉरमॅट करून टाका." फॉरमॅट करणे म्हणजे लिहिलेली पाटी पुसून टाकणे. हे ऐकून वडिलांचा चेहरा उतरला. तेव्हा माझी धाकटी बहीण म्हणाली, "आधी कारण तर शोधू!"

हार्ड डिस्क काम कशी करते, हे तुम्हांला माहीत आहे का? तिच्यात गुळगुळीत तबकड्या असतात. त्या एका मिनिटात 5400 किंवा 7200 वेळा फिरतात. माहिती वाचणारे टोक तबकडीला न शिकता, तिच्या अगदी जवळून सरकते. पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने 1956 साली आणली. तिच्यात 50 तबकड्या होत्या आणि प्रत्येक तबकडी 24 इंच रुंद होती. तरी तिच्यात सुमारे 50 लाख अक्षरेच मावत. आज मोबाईलमधील एखाद्या छायाचित्रालाही तेवढी जागा लागते.

डिस्क मंद होण्याची कारणे अनेक असतात. ती गच्च भरली, की एकाच फाइलचे तुकडे ठिकठिकाणी ठेवावे लागतात. एका पुस्तकाची पाने दहा कपाटांत ठेवली, तर वाचायला वेळ लागणारच! संगणक सुरू होताच अनेक प्रोग्रॅम आपोआप चालू झाले, तरी डिस्कवर ताण येतो. शिवाय चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्याही वर जातो. पंख्यावर धूळ साचली, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही.

बहिणीने धूळ झाडली, नको असलेले प्रोग्रॅम बंद केले. तरीही फरक पडेना. कोणतेही मोठे काम चालू नसताना 'टास्क मॅनेजर'मध्ये डिस्क 100 टक्के व्यस्त दिसत होती. मग तिने डिस्कची प्रकृती तपासणारा प्रोग्रॅम चालवला. त्याने धोक्याची सूचना दिली. तबकडीचे काही भाग खराब झाले होते. तेथील माहिती वाचण्यासाठी ते टोक पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होते. मंदपणाचे खरे कारण हे होते!

"आता दुरुस्तीच्या मागे लागायचे नाही," बहीण म्हणाली. "आजारी डिस्कला जास्त कामाला लावले, तर ती कायमची बंद पडेल. नवी डिस्क दुकानात मिळते, बाबांची टिपणे कोणत्या दुकानात मिळणार?"

तिने सर्वांत आधी टिपणे दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि मग छायाचित्रे. रात्रभर काम चालले. सहा छायाचित्रे उघडलीच नाहीत. त्यांतले एक बिजाच्या झाडाचे होते आणि ते झाड आता जंगलातही उरलेले नाही. टिपणे मात्र सगळी शाबूत राहिली.

पुढे आम्ही जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, म्हणून ती वेगाने काम करते. संगणक आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो. पण एसएसडीसुद्धा कधी तरी बिघडू शकतेच. म्हणून वडिलांनी नवे टिपण लिहिले, की त्याची एक प्रत आमच्याकडे राहते आणि दुसरी गडचिरोलीला आत्याच्या घरी जाते.