उपकेंद्रातल्या मॅडम डॉक्टर आहेत का?

कर्जतच्या वाड्यांवर हा प्रश्न कुणाला पडत नाही. बीपी बघतात, गोळ्या देतात, म्हणजे डॉक्टरच! कागदावर मात्र त्या ‘समुदाय आरोग्य अधिकारी’. कुणी बीएएमएस, कुणी बीएस्सी नर्सिंग, वर 6 महिन्यांचा कोर्स. अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट असतात ना, त्यांचे हे आपल्याकडचे लांबचे भाऊबंद समजा.

डोंगरी-आदिवासी भागात 3 हजार लोकांमागे 1 उपकेंद्र, असा निकष. शुगर-बीपीचे पेशंट, गरोदर बायांची तपासणी, टीबीच्या गोळ्या, सगळं यांच्याकडे. अडलं तर ई-संजीवनीवर डॉक्टरला विचारायचं. रेंज असली तर.

आता पगार. 25 हजार मानधन आणि कामगिरी बघून 15 हजारांपर्यंत मोबदला. नोकरी कंत्राटी. 14 मार्च 2024 ला शासन निर्णय निघाला, 10 वर्षं सेवा झालेल्यांना कायम करायचं. पण आयुष्मान भारत योजनाच 2018 ची, या पदावर 10 वर्षं भरणार कुठून? ऑगस्ट 2025 मध्ये आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी संपावर गेले होते ते उगाच नाही.

त्यांना ‘अर्धे डॉक्टर’ म्हणणं मला पटत नाही. पण साप चावला, छातीत दुखलं, तर उपकेंद्राच्या भरवशावर थांबूही नका. लगेच 108 लावा.

आणि मंडळी, पुढच्या ग्रामसभेत मॅडम किती दिवस येतात हे जरूर विचारा. त्यांना राहायला खोली आहे का, औषधं पोचलीत का, हेही त्याच दमात विचारा.