नंबर फाइव्हचं इंग्रजी

‘शॉर्ट सर्किट’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सातवीत होतो. साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सीडी लायब्ररी होती, 10 रुपये रोज. कव्हरवर रोबो दिसला म्हणून दादाने ती सीडी उचलली. सबटायटल्स नव्हती आणि इंग्रजी आम्हा दोघांनाही बेताचंच कळायचं. तरी दोन दिवसांत तीनदा पाहिला. कारण माणसं काय बोलतायत ते कळत नसलं, तरी रोबोचं सगळं कळत होतं.

सिनेमा 1986चा, दिग्दर्शक जॉन बॅडम. एक खाजगी प्रयोगशाळा अमेरिकन लष्करासाठी पाच रोबो बनवते. प्रात्यक्षिक झाल्यावर वीज पडते, चार्जिंगला लावलेल्या पाचव्या रोबोला जबरदस्त झटका बसतो आणि तो ‘बिघडतो’. म्हणजे जिवंत होतो. प्रयोगशाळेतून निसटून तो स्टेफनी नावाच्या मुलीकडे पोचतो. ती गाडीवर खाद्यपदार्थ विकते, भटकी जनावरं सांभाळते, आणि सुरुवातीला तिला वाटतं की हा परग्रहावरून आलाय. तो तिच्याकडे सारखं ‘इनपुट’ मागतो. ज्ञानकोश भराभर संपवतो, टीव्ही बघून जाहिरातींच्या भाषेत बोलायला लागतो.

एका सकाळी तो नाकतोड्याच्या मागे उड्या मारत सुटतो आणि एक उडी नेमकी नाकतोड्यावर पडते. तो स्टेफनीला म्हणतो, याला परत जोड. ती सांगते, नाही जोडता येत, तो मेला. तेव्हा त्याच्या लक्षात येतं की प्रयोगशाळेत नेऊन आपले भाग सुटे करणार म्हणजे काय करणार. मग तो ‘नो डिसअसेम्बल’ असं ओरडत पळत सुटतो. सातवीतल्या मला ते वाक्य पूर्ण कळलं होतं. आज कळतं की व्याकरणाने ते चूक आहे, आणि तरी संबंध सिनेमात त्याच्याइतकं खरं वाक्य दुसरं नाही.

आम्हाला आणखी एकजण आवडायचा. बेन. रोबो बनवणाऱ्या डॉक्टर क्रॉस्बीचा सहकारी, भारतीय इंजिनिअर. अमेरिकन सिनेमात आपला माणूस, तोही रोबोवाला! दादा म्हणाला, “बघ, इंजिनिअर झालास तर असं जाता येतं.” मी इंजिनिअर झालो त्यात या वाक्याचा थोडा वाटा आहे.

कॉलेजात असताना कळलं की बेन आपला नव्हताच. ते काम फिशर स्टीव्हन्स या गोऱ्या अमेरिकन नटाने त्वचा सावळी रंगवून केलं होतं. अझीझ अन्सारीने 2015 साली ‘मास्टर ऑफ नन’मध्ये हा विषय घेतला आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेखही लिहिला. लहानपणी तोसुद्धा बेनला खरा भारतीय समजला होता. वाचून जरा बरं वाटलं, फसलेला मी एकटा नव्हतो. बेनचं आडनाव पहिल्या भागात जबितुया आहे आणि 1988च्या दुसऱ्या भागात जाहर्वी. दोन्ही आडनावं मी आजवर कुठल्या हजेरीपटावर ऐकलेली नाहीत. पहिल्या भागात क्रॉस्बी त्याला विचारतो की तू मूळचा कुठला, तर तो म्हणतो बेकर्सफील्ड. आणि पूर्वज? पिट्सबर्ग. दुसऱ्या भागात तोच बेन अमेरिकन नागरिकत्वासाठी झटतोय आणि शेवटी रोबोच्या शेजारी उभा राहून शपथ घेतो. रोबो पहिल्या भागाच्या शेवटी स्वतःचं नाव स्वतः निवडतो, जॉनी फाइव्ह. बेनच्या नावागावाशी मात्र लिहिणाऱ्यांनाही देणंघेणं नव्हतं.

गेल्या महिन्यात हा सिनेमा मी पुन्हा पाहिला. त्याला कारण ऑफिसात घडलं.

आमच्या टीममध्ये एक फ्रेशर आलाय, परभणीकडचा, मराठी माध्यमातून शिकलेला. दुसऱ्याच आठवड्यात प्रॉडक्शनवर गोंधळ झाला. क्लायंटबरोबर कॉल, तिकडे सकाळ, इकडे रात्रीचे साडेआठ. मॅनेजरने विचारलं, कुणाला काही दिसतंय का? पोरगं अनम्यूट झालं आणि म्हणालं, “सर, द सर्व्हर हॅज स्लेप्ट.” आपण मराठीत म्हणतोच की, सर्व्हर झोपला. त्याने तेवढंच इंग्रजीत नेलं. तिकडचे लोक हसले, इकडचे त्याहून जोरात हसले. तो पुढे काहीतरी सांगत होता, ते कुणाच्या कानात शिरलं नाही. दहा मिनिटांत आमच्या खाजगी ग्रुपवर स्टिकर आला: पांघरूण घेतलेला सर्व्हर, खाली तेच वाक्य. तो स्टिकर मी बनवला होता.

दोन दिवसांनी कारण सापडलं. कोडमध्ये एके ठिकाणी डेटाबेसची कनेक्शन्स घेतली जात होती, पण चूक झाली की परत सोडली जात नव्हती. पूल संपला की सगळ्या रिक्वेस्ट नुसत्या वाट बघत बसायच्या. सर्व्हर चालू होता, प्रतिसाद देत नव्हता. म्हणजे खरोखर झोपलाच होता. नंतर कॉलचं रेकॉर्डिंग पुढे-मागे करून ऐकलं. आमच्या हसण्याखाली त्याचा आवाज पुसट ऐकू येतो: “कनेक्शन नॉट लीव्हिंग, सर.” उत्तर त्याने तेव्हाच दिलं होतं.

त्या रात्री ‘शॉर्ट सर्किट’ लावला. यावेळी सगळे संवाद कळले आणि एक गोष्ट टोचली. या सिनेमात दोघंजण मोडकं इंग्रजी बोलतात, रोबो आणि बेन. रोबो चुकला की स्टेफनी थांबते, त्याला नेमकं काय म्हणायचंय ते शोधते. त्याची चूक म्हणजे आत कुणीतरी शिकतंय याचा पुरावा. बेनने म्हण उलटीसुलटी केली की मात्र तिथे फक्त हशा. त्याला काय म्हणायचं होतं, हे कुणी विचारत नाही. आणि तो विनोद अमेरिकेत लिहिला म्हणून त्यांना नावं ठेवावीत, तर माझ्या फोनमध्ये तो स्टिकर होता.

सिनेमात क्रॉस्बीला शेवटपर्यंत पटत नाही की यंत्र जिवंत आहे. अखेर तो त्याला एक विनोद सांगतो. तीन धर्मगुरू दानाला किती पैसे द्यायचे यावर वाद घालतात. एकजण म्हणतो, वर्तुळ काढू, पैसे उडवू, आत पडतील ते दानाला. दुसरा म्हणतो, बाहेर पडतील ते. तिसरा म्हणतो, नुसते वर उडवू, देवाला हवे तेवढे तो ठेवून घेईल. रोबो क्षणभर गप्प राहतो. मग खदखदून हसतो आणि क्रॉस्बीला पटतं. पटवतो तो मधला क्षण, विनोद आत जाऊन कळायला लागलेला वेळ. क्लायंटच्या कॉलवर त्यांच्या बेसबॉलच्या विनोदांना मी लगेच हसतो. सहा वर्षांत त्यातला एकही मला कळलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला चहाला टपरीवर घेऊन गेलो. त्या कॉलनंतर तो बोलायचाच थांबला होता. माइक म्यूट, जे काय असेल ते चॅटवर टाइप करून. मी म्हटलं, “तू त्या दिवशी बरोबर सांगत होतास, आम्ही ऐकलं नाही. आणि तो स्टिकर मी बनवला होता. सॉरी.”

“अहो दादा, त्यात काय एवढं,” असं म्हणून तो हसला.

लगेच हसला. मधे क्षणभरही न थांबता.